कर्नलच्या एक्सेप्शन हाताळणीतील नावांची साफसफाई: कुठून सुरुवात करावी?

धागाकर्ता: तापीतीर (जळगाव)

नमस्कार मंडळी,

जळगावात आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी एकत्र बसून, शिकण्या-शिकवण्यापुरते एक लहान कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) लिहीत आहोत. सुरुवात एक्स८६-६४ या प्रोसेसर-कुळावर झाली आणि नंतर त्यात रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या कुळाची भर पडली. कर्नल चालते, प्रोसेस बदलतात, शेल येते. पण एक्सेप्शन, म्हणजे प्रोसेसर सूचना चालवत असताना मध्येच उद्भवणारी अडचण, हाताळणाऱ्या भागातील नावे इतकी विस्कळीत झाली आहेत की नवीन आलेल्या मुलाला तो भाग समजावून सांगताना निम्मा वेळ नावांचा खुलासा करण्यातच जातो. हा धागा त्याच साफसफाईबद्दल आहे. कोडमधील नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे, ती ओळखून घ्यावीत.

निमित्त घडले ते सांगतो. आमच्या गटात शिरपूरहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने स्टॅक आपोआप वाढवण्याचे काम हाती घेतले होते. युजर प्रोग्रॅम स्टॅकच्या खालच्या पानावर लिहायला गेला की पेज फॉल्ट (मेमरीचे हवे ते पान न मिळाल्याचे एक्सेप्शन) यावा, हँडलरने म्हणजे ते हाताळणाऱ्या फंक्शनने नवे पान जोडावे आणि तीच सूचना पुन्हा चालावी, एवढेच ते काम. पण पडद्यावर प्रत्येक वेळी ‘लेखन, युजर मोड, राखीव बिट चुकीचा’ असा मजकूर येत होता. राखीव बिट म्हणजे पेज टेबलच्या नोंदीतील न वापरायचा बिट, म्हणून आम्ही सगळे पेज टेबल (कोणते पान मेमरीत कुठे आहे याची नोंदवही) तपासायला लागलो. दोन रविवार त्यातच गेले.

पेज टेबलमध्ये काहीही चूक नव्हती. एक्स८६ वर पेज फॉल्टच्या वेळी प्रोसेसर स्टॅकवर एक एरर कोड ठेवतो. त्याचा बिट ० पान हजर होते की नाही हे सांगतो, बिट १ लेखन होते की वाचन, बिट २ युजर मोड होता का आणि बिट ३ राखीव बिट बिघडलेला आहे का. पेज फॉल्टचा व्हेक्टर क्रमांक, म्हणजे एक्सेप्शनचा प्रकार सांगणारा क्रमांक, आहे १४ आणि १४ म्हणजे दुहेरी पद्धतीत १११०. आमचा हँडलर व्हेक्टर क्रमांकालाच एरर कोड समजून त्याचे बिट वाचत होता! ‘डू_पीएफ’ या फंक्शनला दोन पूर्णांक जात असत. एका फाइलमध्ये त्यातील पहिल्याचे नाव ‘कोड’ होते, दुसऱ्या फाइलमध्ये दुसऱ्याचे. रिस्क-फाइव्हची भर घालताना कोणीतरी क्रम बदलला आणि दोन्ही पूर्णांकच असल्यामुळे कंपायलरने हूं की चूं केले नाही. शेवटी त्या मुलीनेच फळ्यावरच्या ओळीकडे बोट दाखवून विचारले, “दादा, हाऊ कोनता कोड शे?” त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणालाही फाइल उघडल्याशिवाय देता आले नाही.

मग आम्ही मोजणी केली. ‘कोड’ हे एकच नाव तीन अर्थांनी वापरलेले निघाले: व्हेक्टर क्रमांक, प्रोसेसरने दिलेला एरर कोड आणि प्रोसेसला सिग्नल पाठवताना सोबत जाणारा कारणक्रमांक. लिनक्सच्या एक्स८६ भागातील ‘डू_ट्रॅप’ फंक्शन पाहिले तर तिथे ‘ट्रॅपएनआर’, ‘सिगएनआर’, ‘एरर_कोड’ आणि ‘एसआयकोड’ अशी चार वेगळी नावे शेजारी शेजारी दिसतात. पहिल्यांदा वाचताना मला तो पसारा वाटला होता, आता त्यामागची काळजी कळते.

दुसरा गोंधळ फंक्शनांच्या नावांचा. आमच्याकडे ‘ट्रॅप_एंट्री’, ‘हँडल_एक्सेप्शन’, ‘डू_पीएफ’, ‘टाइमर_ट्रॅप’, ‘जीपी_फॉल्ट_हँडलर’ आणि ‘आयएनटी३’ अशी सहा वळणांची नावे आहेत. यातील कोणते असेंब्लीतील लेबल आहे आणि कोणते सी मधील फंक्शन, हे नावावरून कळत नाही. याचे मूळ थोडेफार प्रोसेसरांच्या मॅन्युअलांतही आहे. इंटेल एक्सेप्शनचे फॉल्ट, ट्रॅप आणि अबॉर्ट असे तीन वर्ग करते. रिस्क-फाइव्हमध्ये ट्रॅप हा छत्रीसारखा शब्द आहे. सूचनेमुळे उद्भवते ते एक्सेप्शन, बाहेरून येते तो इंटरप्ट, आणि या दोहोंमुळे नियंत्रण हँडलरकडे जाते त्या घटनेला ट्रॅप म्हणतात. आर्ममध्ये छत्री एक्सेप्शनची आहे आणि इंटरप्टही तिच्याखाली येतो. पॉवर आर्किटेक्चरमध्ये स्थितीला एक्सेप्शन म्हणतात आणि त्यामुळे होणाऱ्या नियंत्रणबदलाला इंटरप्ट. चार मॅन्युअले चार दिशांना तोंड करून बसलेली असताना सामाईक कोडमध्ये कोणाचा शब्द घ्यायचा?

माझा प्रस्ताव असा आहे की नावाने आधी आपण वाटेच्या कोणत्या टप्प्यावर आहोत ते सांगावे आणि मग घटना सांगावी. लिनक्सने २०२० मध्ये ५.८ या आवृत्तीत एक्स८६ साठी हेच केले. त्याआधी असेंब्लीतील लेबल ‘पेज_फॉल्ट’ आणि सी फंक्शन ‘डू_पेज_फॉल्ट’ असे होते. नंतर सी फंक्शन ‘ईएक्ससी_पेज_फॉल्ट’ झाले, असेंब्लीतील लेबल ‘एएसएम_ईएक्ससी_पेज_फॉल्ट’ झाले, आणि प्रोसेसरांच्या आपसांतील व टायमरच्या इंटरप्टांसाठी ‘सिसव्हेक_’ हा वेगळा उपसर्ग आला. नाव वाचताच माणूस दारात आहे, ओसरीवर आहे की माजघरात, हे कळते. आपल्याकडे हीच पद्धत लावावी असे मला मनापासून वाटते. परंतु काम एका दमात करावे की हप्त्याहप्त्याने, आणि मॅन्युअलचे शब्द कुठपर्यंत पाळावेत, याबद्दल आपली मते हवी आहेत.

---

गिरणाकाठ (चाळीसगाव)

तापीतीर, विषय मांडलात हे फार चांगले केले. मी फक्त इतिहासाच्या बाजूने लिहितो.

आमच्या घरी शेतीची जुनी कागदपत्रे आहेत. त्यातील काहींवर जिल्हा ‘पूर्व खानदेश’ आहे आणि नंतरच्यांवर ‘जळगाव’. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये पूर्व खानदेशाचे नाव जळगाव जिल्हा झाले. जमीन तीच, बांध तोच. पण दप्तरात शोध घेणाऱ्याला हे दोन्ही सन ठाऊक नसतील तर अर्धा इतिहास त्याच्या हाती लागत नाही. कोडमध्ये नाव बदलले की नेमके हेच होते. ‘गिट ब्लेम’ (प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी आज्ञा) चालवल्यावर प्रत्येक ओळीवर साफसफाई करणाऱ्याचे नाव दिसते आणि मूळ निर्णय कोणी व का घेतला हे झाकले जाते.

म्हणून माझी विनंती आहे की नामांतराच्या कमिटमध्ये (गिटमध्ये एकत्र नोंदवलेल्या बदलात) नामांतराखेरीज काहीही असू नये. जागेची दुरुस्ती नाही, टिपणी सुधारणे नाही, जाता जाता दिसलेला बगही नाही. कमिटच्या संदेशात जुने आणि नवे नाव दोन्ही पूर्ण लिहावे, म्हणजे पुढे कोणी जुन्या नावाने शोधले तरी त्याला वाट सापडेल. त्या कमिटांचे क्रमांक एका फाइलमध्ये नोंदवून ‘गिट ब्लेम’ला ती फाइल दाखवली, तर तो त्या कमिटांना वगळून मूळ लेखकापर्यंत पोहोचतो. फाइलचेच नाव बदलणार असाल तर ते स्वतंत्र कमिटमध्ये करा, कारण गिट फाइलचे नामांतर नोंदवून ठेवत नाही, मजकुराच्या साम्यावरून ओळखते. एकाच कमिटमध्ये फाइल हलवली आणि आतला मजकूरही बराच बदलला, तर ती ओळख तुटते.

---

सातपुडा_पायथा (नंदुरबार)

मला या प्रस्तावाबद्दल थोडी चिंता वाटते, ती स्पष्टपणे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की विद्यार्थी एका हातात मॅन्युअल आणि दुसऱ्या हातात कोड घेऊन शिकतो. रिस्क-फाइव्हच्या मॅन्युअलमध्ये ‘ट्रॅप’ आहे, एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्याच्या कर्नलमध्ये ‘युजरट्रॅप’ आणि ‘कर्नलट्रॅप’ आहेत. आपण सगळीकडे ‘ईएक्ससी_’ लावले तर त्याला मॅन्युअल आणि कोड यांच्यामध्ये मनातल्या मनात भाषांतर करत बसावे लागेल. लिनक्ससुद्धा एक्स८६ मधील ज्या फाइलमध्ये फॉल्ट, ट्रॅप आणि अबॉर्ट सगळे आहेत तिला ‘ट्रॅप्स’च म्हणते, जुने नाव लोकांच्या हाताला बसलेले आहे.

दुसरी गोष्ट, नावांवर बाहेरचेही लोक अवलंबून असतात. मी कामाच्या ठिकाणी पेज फॉल्ट मोजण्यासाठी एक लहान स्क्रिप्ट लिहिली होती आणि ती ‘डू_पेज_फॉल्ट’ या फंक्शनच्या नावावर विसंबून होती. कर्नल नवे झाले, ते फंक्शन एक्स८६ वर त्या नावाने उरले नाही आणि स्क्रिप्ट बंद पडली. ‘ईएक्ससी_पेज_फॉल्ट’ या नव्या नावावर केप्रोब, म्हणजे चालत्या कर्नलमधील फंक्शनवर बसवायचा टेहळणीचा बिंदू, लावून पाहिला, तर तिथे तो लावायलाच मनाई, कारण प्रवेशाचा तो भाग मुद्दाम मोजमापापासून दूर ठेवलेला आहे. शेवटी ‘एक्सेप्शन्स’ गटातील ‘पेज_फॉल्ट_युजर’ हा ट्रेसपॉइंट, म्हणजे कर्नलमध्येच ठेवलेली निरीक्षणाची जागा, वापरला. कर्नलच्या आतील फंक्शनांची नावे कायम राहतील असे वचन कोणी दिलेले नव्हते, हे मला मान्य आहे. तरीही नाव बदलणाऱ्याने त्या नावावर विसंबून असलेल्यांचा विचार करावा असे मला वाटते.

---

कापूसपट्टा (धुळे)

सातपुडा दादांच्या दुसऱ्या मुद्द्याला मी माझा अनुभव जोडते. मी ठिबक सिंचनाच्या कंट्रोलरचे फर्मवेअर लिहिते आणि आमचे काम कॉर्टेक्स-एम या आर्मच्या लहान प्रोसेसरवर चालते. तिथे नाव हा केवळ वाचण्याच्या सोयीचा प्रश्न राहत नाही.

कॉर्टेक्स-एमच्या स्टार्टअप फाइलमध्ये व्हेक्टर टेबल (हँडलरांच्या पत्त्यांची यादी) असते आणि त्यातील प्रत्येक हँडलरची एक ‘वीक’ म्हणजे कमकुवत व्याख्या आधीच दिलेली असते. ती सगळी नावे ‘डीफॉल्ट_हँडलर’कडे जातात आणि त्या हँडलरमध्ये सहसा फक्त अखंड फिरणारी लूप असते. आपण त्याच नावाचे फंक्शन लिहिले की लिंकर (कोडचे तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणारे साधन) कमकुवत व्याख्या सोडून आपली घेतो. मी एकदा सगळ्या नावांना एकसारखे वळण लावताना ‘हार्डफॉल्ट_हँडलर’चे ‘हार्ड_फॉल्ट_हँडलर’ केले. एक अधोरेषा वाढली, एवढाच फरक. कंपायलरची तक्रार नाही, लिंकरची नाही, टेबलावरच्या सगळ्या चाचण्या पास. यावल तालुक्यातील एका केळीच्या बागेत बसवलेल्या बोर्डवर पुढे खरोखर हार्डफॉल्ट (गंभीर बिघाडाचे एक्सेप्शन) आला, तेव्हा रजिस्टरे जपून ठेवून बोर्ड रीसेट करणारा माझा हँडलर चाललाच नाही. बोर्ड त्या लूपमध्ये फिरत राहिला आणि झडप रात्रभर उघडी राहिली. सकाळी बागेत पाणी तुंबलेले पाहून त्या शेतकरी काकांनी मला फोन केला. त्या फोनची आठवण अजूनही जात नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. नामांतरानंतर मी फाइलमधील नावांची यादी देणारी ‘एनएम’ ही आज्ञा चालवून प्रत्येक हँडलरसमोर डब्ल्यू आहे की टी आहे ते पाहते. डब्ल्यू म्हणजे कमकुवत व्याख्या अजून तशीच आहे, टी म्हणजे आपले फंक्शन लागले. तापीतीर दादा, तुमच्या कर्नलमध्ये वीक व्याख्या असतील तर आधी त्यांची यादी करा. लिंकर स्क्रिप्टही तपासा. व्हेक्टरचा कोड एखाद्या नावाच्या सेक्शनमध्ये ठेवलेला असेल आणि सेक्शनचे नाव एका जागी बदलून स्क्रिप्टमध्ये तसेच राहिले, तर तो कोड भलत्या जागी जाऊन बसतो, आणि न वापरलेले सेक्शन काढून टाकण्याचा पर्याय चालू असेल तर तो मुळात नाहीसाही होऊ शकतो.

---

यार्डलाइन (भुसावळ)

दोन गोष्टी.

त्या शिरपूरच्या ताईंना सांगा की ‘लेखन, युजर मोड, राखीव बिट’ ही ओळ अशक्य आहे हे पडद्यावरच कळण्यासारखे होते. राखीव बिटाचा दोष दाखवणारा बिट ३ लागला असेल, तर बिट ० सुद्धा लागलेलाच असतो, कारण नोंद हजर नसेल तर प्रोसेसर तिचे राखीव बिट तपासतच नाही. १११० मध्ये बिट ० शून्य आहे. एरर कोड छापणाऱ्या फंक्शनमध्ये ही एक तपासणी टाका. पुन्हा कोणी भलता आकडा पाठवला तर पहिल्या मिनिटाला कळेल.

दुसरे, चांगल्या नावाने वाचणारा सावध होतो, कंपायलर होत नाही. व्हेक्टर आणि एरर कोड हे दोन्ही साधे पूर्णांक राहिले तर नावे कितीही नेटकी असली तरी क्रम पुन्हा उलटू शकतो. एकेक सदस्य असलेली दोन वेगळी स्ट्रक्ट (सी मधील आपण बनवलेले प्रकार) करा. मग उलटे दिले की कंपाइलच होणार नाही.

---

तापीतीर (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. सगळ्यांना मिळून उत्तर देतो.

यार्डलाइन दादा, बिट ० चा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता. तपासणी कालच टाकली, आणि स्ट्रक्टची सूचनाही घेतली आहे. कापूसपट्टा ताई, आमच्याकडे वीक व्याख्या दोन निघाल्या आणि दोन्ही टायमरशी संबंधित आहेत. त्यांना हात लावण्यापूर्वी ‘एनएम’ची तपासणी बिल्डमध्येच घालत आहोत.

सातपुडा दादांच्या पहिल्या मुद्द्यावर मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मॅन्युअलचा शब्द पाळायचा की नाही याचे उत्तर मला एका वेगळ्याच ठिकाणी सापडले. ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम मुद्दाम थांबवण्याची जागा, घ्या. एक्स८६ वर तो ट्रॅप वर्गात येतो, म्हणून जपून ठेवलेला पत्ता त्या एका बाइटच्या सूचनेच्या पुढचा असतो आणि मूळ जागा हवी असेल तर एक वजा करावा लागतो. रिस्क-फाइव्हवर ‘ईब्रेक’ ही ब्रेकपॉइंटची सूचना झाल्यावर ‘एसईपीसी’ या परतीचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये त्या सूचनेचाच पत्ता असतो. पुढे जायचे असेल तर हँडलरने स्वतः पत्ता वाढवावा लागतो, तोही सूचना चार बाइटची आहे की संक्षिप्त दोन बाइटची हे पाहून. आमच्या सामाईक कोडमध्ये ‘ट्रॅप_ब्रेकपॉइंट’ असे फंक्शन होते आणि लिहिणाऱ्याने इंटेलचा ट्रॅप मनात धरून पत्ता पुढे गेलेला आहे असे गृहीत धरले होते. रिस्क-फाइव्हवर प्रोग्रॅम त्याच ब्रेकपॉइंटवर पुन्हा पुन्हा अडकत होता. दोन मॅन्युअलांत वेगळा अर्थ असलेला शब्द सामाईक थरात आला की तो वाचणाऱ्याला फसवतो.

तसेच ट्रॅपच्या कारणक्रमांकाचे. रिस्क-फाइव्हच्या ‘एसकॉज’ या ट्रॅपचे कारण सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये सर्वांत वरचा बिट इंटरप्ट आहे की नाही ते सांगतो. तो बिट लागलेला असताना ५ म्हणजे सुपरव्हायझरचा टायमर इंटरप्ट, नसताना ५ म्हणजे वाचनाचा ॲक्सेस फॉल्ट. आम्ही वरचा बिट काढून उरलेला आकडा ‘कोड’ या नावाने पुढे पाठवत होतो.

म्हणून आता असे ठरवत आहोत की प्रोसेसरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये त्या त्या मॅन्युअलचेच शब्द राहतील. रिस्क-फाइव्हच्या फाइलमध्ये ‘ट्रॅप’ आणि ‘एसकॉज’ राहतील, एक्स८६ च्या फाइलमध्ये व्हेक्टरची इंटेलची नावे राहतील. सामाईक थरात मात्र ट्रॅप, फॉल्ट, अबॉर्ट हे वर्गवाचक शब्द येणार नाहीत. तिथे फक्त घटना आणि काम सांगणारी नावे असतील. पत्ता पुढे न्यायचा की नाही हे प्रोसेसरचा भाग ठरवून देईल. विद्यार्थ्याचे मॅन्युअल जिथे उघडे असते तिथे त्याला ओळखीचे शब्द मिळतील, ही दादांची अपेक्षा त्यात पुरी होते असे मला वाटते.

---

सातपुडा_पायथा (नंदुरबार)

हे मान्य आहे. ब्रेकपॉइंटचे उदाहरण पटले. एकच जोड देतो: सामाईक थरात लहान उपसर्ग घेताना तो आधीच कोणाचा आहे का ते पाहा. लिनक्समध्ये पेज फॉल्टच्या एरर कोडचे बिट पूर्वी ‘पीएफ_’ने सुरू होत, आणि प्रोसेसच्या फ्लॅगची नावेही ‘पीएफ_’नेच सुरू होतात, सॉकेटच्या प्रोटोकॉल गटांचीही. २०१७ मध्ये पेज फॉल्टवाली नावे फाइलबाहेर सर्वांना उपलब्ध करताना ती ‘एक्स८६_पीएफ_’ झाली. एकाच तालुक्यात दोन गावांचे नाव एक असले की आपण बुद्रुक आणि खुर्द लावतो, तशी ती सोय आहे.

---

गिरणाकाठ (चाळीसगाव)

तापीतीर, नावे बदलण्यासाठी कोणते साधन वापरणार? कॉक्सिनेल सी मधील नामांतर चांगले करते, पण असेंब्लीच्या फाइली त्याला दिसत नाहीत. शिवाय मॅक्रोमध्ये (कंपाइलपूर्वी पूर्ण मजकुरात उलगडणाऱ्या संक्षेपात) दोन तुकडे चिकटवून तयार होणारी नावे साध्या शोधातही सापडत नाहीत. लिनक्समध्ये ‘एएसएम_’ हा तुकडा मॅक्रो चिकटवतो, त्यामुळे पूर्ण लेबलाची व्याख्या शोधायला गेलात तर ती ओळ सापडत नाही. तुमच्या मॅक्रोंवर एक टिपणी लिहून ठेवा की यातून कोणकोणती नावे जन्मतात.

---

तापीतीर (जळगाव)

टिपणी लिहिली. आमची फक्त ३८ नावे आहेत, म्हणून साधन न वापरता हाताने बदलत आहोत आणि प्रत्येक बदल दुसऱ्याने वाचायचा असा नियम ठेवला आहे.

पहिले कमिट काल रात्री गेले. त्यात फक्त ‘कोड’ची फोड आहे: ‘व्हेक्टर’, ‘एचडब्ल्यू_एरर’ आणि ‘सिग_कारण’. रिस्क-फाइव्हकडे ‘एसकॉज’ वरच्या बिटासह अखंड राहील. कमिटच्या आधीचे आणि नंतरचे बिल्ड त्याच कंपायलरने करून आम्ही दोन्हींच्या ‘टेक्स्ट’ म्हणजे कोडच्या सेक्शनचे डिसअसेंब्ली (प्रोसेसरच्या सूचनांची यादी) शेजारी ठेवले. एकही सूचना बदलायला नको होती, पण दोन ठिकाणी फरक दिसला आणि क्षणभर सगळे गप्प झाले. पाहिले तर नाव लांब झाल्यामुळे एक ओळ मोडून दोन झाल्या होत्या, आणि पॅनिकचा मजकूर छापणारा मॅक्रो ओळीचा क्रमांक घेत असल्यामुळे दोन आकडे एकाने वाढले होते. ओळ पुन्हा एकत्र केली आणि दोन्ही डिसअसेंब्ली तंतोतंत जुळल्या. स्ट्रक्टचा बदल स्वतंत्र कमिटमध्ये जाईल, कारण तो नामांतर नाही.

एनएमआयचे, म्हणजे थांबवता न येणाऱ्या इंटरप्टचे, नाव अजून ठरलेले नाही. तो व्हेक्टर २ वर येतो, लिनक्समध्ये त्यालाही ‘ईएक्ससी_’ उपसर्ग आहे, पण स्वभावाने तो इंटरप्ट आहे आणि आमच्याकडे ‘आयआरक्यू_’ उपसर्गाचा अर्थ ‘थांबवता येतो’ असा धरलेला आहे, जो त्याला लागू पडत नाही. सध्या त्याला कोणताही उपसर्ग न देता ‘एनएमआय_एंट्री’ ठेवले आहे. कोणाला याहून बरे सुचत असेल तर जरूर लिहा. असेंब्लीतील लेबलांचा हप्ता शिरपूरची तीच मुलगी करणार आहे आणि तिची यादी रविवारी सकाळी फळ्यावर असेल.